विज्ञान-तंत्रज्ञान-समाज या विषयात करिअर : गोव्यातल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी धागा

खाजनवाट

या विषयाबद्दल व्यक्तिगत निरोपांतून सारखी विचारणा होते, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. चर्चा इथेच होऊ दे, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

विचारणारी बहुतेक मुलं बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग झालेली असतात. विज्ञान आवडतं, पण जन्मभर प्रयोगशाळेत रमू असं वाटत नाही. धरण, विमानतळ, खाण, लस यांच्यावरून माणसं भांडतात तेव्हा दोन्ही बाजूंना तज्ज्ञ कसे सापडतात, त्यातल्या कुणाचा आकडा धरला जातो आणि कुणाचा बाजूला पडतो, हे प्रश्न त्यांना सोडत नाहीत. यावर पोट भरतं का, असं विचारतात. भरतं. मी तेच करते. एसटीएस (सायन्स, टेक्नॉलॉजी अँड सोसायटी) या नावाने जगभरच्या विद्यापीठांत या अभ्यासाचे विभाग आहेत, आणि अभ्यासकांची सोसायटी फॉर सोशल स्टडीज ऑफ सायन्स ही संघटना १९७५ पासून चालू आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांनी १९६२ मध्ये मांडलं की शास्त्रज्ञांचा समूह काही गोष्टी गृहीत धरून काम करत असतो, आणि ती गृहीतकं कोसळली की सगळा विषयच नव्याने उभा करावा लागतो. पुढे एडिंबरा विद्यापीठातल्या मंडळींनी आग्रह धरला की चुकीच्या ठरलेल्या सिद्धांतामागे समाज शोधायचा आणि बरोबर ठरलेल्यामागे फक्त निसर्ग, असा दुजाभाव चालणार नाही. दोन्हींची चौकशी एकाच पद्धतीने व्हावी. १९७० च्या दशकात फ्रेंच अभ्यासक ब्रूनो लातूर कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले आणि तिथे कागदावरची एक रेघ हळूहळू 'तथ्य' कशी होत जाते ते त्यांनी टिपलं. शीला जासनॉफ यांनी प्रयोगशाळेबाहेर पडून कोर्ट, नियामक संस्था आणि तज्ज्ञ समित्या अभ्यासल्या. गोव्यात राहणाऱ्याला ही शेवटची वाट सगळ्यात जवळची आहे, असं माझं स्पष्ट मत. आपल्याकडे विज्ञान पेपरच्या पहिल्या पानावर येतं ते कोर्टातून नाहीतर आंदोलनातून.

आठवून बघा. केरीच्या नायलॉन प्रकल्पाविरुद्धचं आंदोलन, ज्यात जानेवारी १९९५ मध्ये नीलेश नाईक पोलिसांच्या गोळीने गेला. ट्रॉलरविरुद्ध रापणकारांनी, म्हणजे पारंपरिक मच्छीमारांनी, दिलेला लढा आणि त्यानंतर आलेला १९८० चा सागरी मासेमारी कायदा. मोपाचा विमानतळ : पर्यावरण परवान्यासाठीच्या अर्जात भोवतालच्या जंगलांची माहिती नीट दिली नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये परवाना थांबवला आणि जानेवारी २०२० मध्ये पुन्हा मोकळा केला. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंजुरी मे २०२२ मध्ये रद्द झाली. आयआयटीचं बघा. तंत्रज्ञान शिकवणारी संस्था, पण तिच्या जागेवरून सत्तरीतल्या शेळ-मेळावलीत जानेवारी २०२१ मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला ती जागा सोडावी लागली. यातल्या प्रत्येक ठिकाणी नकाशे होते, अहवाल होते, तज्ज्ञांच्या सह्या होत्या. त्या कागदांचा जन्म कसा होतो याचा अभ्यास करणारी माणसं मात्र गोव्यात अजून फार थोडी आहेत.

माझं स्वतःचं काम खाजनांवर आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

मांडवी-जुवारीच्या काठांवर भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन माणसांनी शतकानुशतकं बांध घालून शेतीत आणली, तेच खाजन. सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आपल्या राज्यात आहे. बांध चिखलमातीचा, आत पेंढा, नदीच्या बाजूला चिऱ्यांची फरसबंदी. बांधात मधे मानस, म्हणजे पाण्याचं दार. बांधकाम चिऱ्याचं आणि त्यात लाकडी झडपा. भरती चढायला लागली की नदीचं पाणीच झडपा दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी त्या बाहेर ढकलून उघडतं. वीज नाही, मोटर नाही. झडप आणि चौकटीमध्ये बोटभर फट राहिली तरी खारं पाणी आत झिरपतं, म्हणून फटी बुजवाव्या लागतात. कुर्ल्या बांधाला भोकं पाडतात, ती रोज चालत जाऊन शोधावी लागतात. आत पोय असते, म्हणजे पाणी साठून राहण्याची खोलगट जागा, आणि तिच्यात मासळी. जूनच्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन गेलं की कोरगुटासारखं खारं सोसणारं भात लागतं. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावतात, आणि त्या मासेमारीच्या हक्काची दर वर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते.

आता बघा, या एका झडपेत किती गोष्टी एकत्र आल्या. भात करणाऱ्याला खारं पाणी नको. पावणी घेतलेल्याला जास्त मासळी हवी, तो भरतीला दार उघडं ठेवायला बघतो. पूर्वी यावर गांवकारीची, म्हणजे गावच्या सामूहिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, नजर असे. कूळ कायदा आल्यावर, १९७० च्या दशकात, बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. मायनिंगच्या बार्जींच्या लाटांनी बांध खचले. बांध फुटून खारं पाणी आत राहिलं तिथे खारफुटी आली, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे; तिच्यात खारफुटीही राखायची आहे आणि खाजनही राखायचं आहे. कागदावर हे एका ओळीत बसतं. बांधावर उभं राहिलं की एकाच वाफ्याबद्दल वनखातं, शेतकीखातं आणि शेतकरी तीन वेगळी उत्तरं देतात, आणि तिघांकडेही आपापलं ज्ञान असतं.

माझा विषय हा आहे. मानशीचं तंत्र नुसतं लाकडात नसून फटी कोण बुजवणार, रात्री राखण कोण करणार आणि पावणीचे पैसे बांधाला लागणार की नाही, या व्यवस्थेत आहे. ती व्यवस्था सुटली की सिमेंटची नवी मानस बांधूनही खाजन वाचत नाही. असा प्रश्न घेऊन तुम्हाला भरती-ओहोटीचं गणित समजलं पाहिजे आणि संघटनेच्या जमाखर्चाची वहीसुद्धा वाचता आली पाहिजे. म्हणून मी म्हणते की विज्ञान शिकलेल्या गोंयकार मुलांनी या विषयात यावं. एडिंबरा-हार्वर्डच्या उदाहरणांवर टिपणं काढण्याआधी आपल्या तालुक्यातलं एक तरी प्रकरण मुळापासून शिकावं.

आता शिक्षणाचं. भारतात या विषयाची ठिकाणं मोजकी. दिल्लीला जेएनयूत विज्ञान धोरण अभ्यास केंद्र आहे, गुजरातच्या केंद्रीय विद्यापीठात एक केंद्र आहे. सीएसआयआरची निस्टॅड्स ही जुनी संस्था २०२१ मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन होऊन आता एनआयएससीपीआर झाली. आयआयटींच्या मानव्यविद्या विभागांत असे विषय घेणारे मार्गदर्शक मिळतात. मुंबईच्या आयआयटीत सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. बंगळुरूला एनआयएएस आणि एट्री या संशोधन संस्था. गोव्यात या नावाचा स्वतंत्र विभाग नाही, पण गोवा विद्यापीठात दामोदर कोसंबींच्या नावाचं सामाजिक शास्त्रांचं संकुल आहे आणि झुआरीनगरच्या बिट्समध्येही मानव्यविद्या विभाग आहे. तिथल्या प्राध्यापकांचं काम बघून विचारा. पाटीवरच्या नावाला फार महत्त्व देऊ नका.

कोसंबी गोव्यातल्याच कोसबेंचे. गणिती माणूस, आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्या नावाचं सूत्र वापरलं जातं. तेच कोसंबी प्राचीन आहत (ठसे मारलेली) नाणी तराजूत तोलून, वापरात झिजल्यामुळे त्यांच्या वजनात किती घट आली याचं संख्याशास्त्र मांडून इतिहास लिहीत होते. दोन शास्त्रांत एकाच वेळी पाय रोवून उभं राहता येतं, याचा दाखला शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

विचारा काय विचारायचं ते.

हरमलचा_वारा

ताई, नेमका हवा होता तो धागा. मी एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी सांगितलं तर बाबा म्हणतात, बीएड कर आणि सरकारी शाळेला लाग. त्यांचंही चुकत नाही, घरात कमावणारे ते एकटेच. मला तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. पीएचडी करताना पैसे किती मिळतात? नंतर नोकरी कुठे मिळते? आणि फिजिक्सवाल्याला घेतात का?

खाजनवाट

@हरमलचा_वारा, बाबांना दाखवता येईल असं उत्तर देते.

यूजीसीची नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार, वर घरभाडं. घरी थोडे पाठवता येतात. जेआरएफ नसेल तर विद्यापीठाची शिष्यवृत्ती फारच तुटपुंजी असते, आणि तिच्यावर घर चालवायचा विचारही करू नको. पीएचडीची मुदत २०२२ च्या नियमांनुसार तीन ते सहा वर्षं.

मोठी अडचण पुढे आहे, ती लपवत नाही. नेटच्या विषयांच्या यादीत एसटीएस हा विषयच नाही. म्हणजे समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, पर्यावरणशास्त्र यांपैकी कशात तरी नेट काढावी लागते, आणि कॉलेजातल्या नोकरीच्या जाहिरातीसुद्धा त्याच विषयांच्या निघतात. सहायक प्राध्यापकाला सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे, पण त्या खुर्चीपर्यंत जायला 'मूळ विषय' लागतो. म्हणून फिजिक्सवाल्यांना माझा सल्ला ठाम आहे : थेट पीएचडीच्या मागे धावू नका. आधी समाजशास्त्र किंवा इतिहासात एमए करा, दूरस्थ असलं तरी चालेल. त्या दोन वर्षांत नेट काढा. मीही रसायनशास्त्रानंतर समाजशास्त्रात एमए केलं म्हणूनच आज नोकरीत आहे.

गोव्यातल्या सरकारी कॉलेजांत पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोंकणीचं ज्ञान सक्तीचं आहे, मराठी असणं इष्ट मानतात. आपल्या मुलांना यात अडचण नसते, पण दाखला वेळेवर काढून ठेवा.

मूळचा_सत्तरीचा

वरच्या उत्तराला पूर्ण दुजोरा. मी याच विषयात दिल्लीतून पीएचडी केली आहे, सध्या पुण्यात. एका कॉलेजात समाजशास्त्राच्या जागेसाठी अर्ज केला होता. माझे शोधनिबंध सगळे समाजशास्त्राच्या नियतकालिकांत, पण पदव्युत्तर पदवी विज्ञान धोरणाची. छाननीतच 'संबंधित विषय नाही' असा शेरा मारून बाद. मुलाखतीपर्यंत गेलोच नाही. समितीतल्या कुणाला माझ्याशी वैर नव्हतं. नियमाच्या रकान्यात मी बसत नव्हतो, एवढंच. पण तेवढ्याने वर्ष जातं, आणि तिशी ओलांडलेल्या माणसाचं वर्ष जाणं म्हणजे काय ते घरच्यांना विचारा.

प्राध्यापकीबाहेर मात्र दारं आहेत. विज्ञान-तंत्रज्ञान खात्याची धोरण-संशोधन केंद्रं आहेत, त्यातलं एक बंगळुरूच्या आयआयएससीत, धोरण-फेलोशिपही आहे. हवामानबदल, ऊर्जा, सार्वजनिक आरोग्य यांवर काम करणाऱ्या संशोधन संस्था अशा माणसांना घेतात. माझा सध्याचा पगार तिथूनच येतो. काम आवडतं. पण करार वर्षा-दोन वर्षांचा, हे धरून चाला.

लाटमापक

मी दोनापावलाला समुद्रविज्ञानात तांत्रिक कामात नोकरी केली, आता निवृत्त आहे. लेख आवडला, विशेषतः मानशीचा भाग. पण एक गोष्ट मनात आहे ती बोलतो.

आम्ही होडीतून मांडवीच्या मुखापासून वर गांजेपर्यंत पाण्याचे नमुने घ्यायचो. पावसाळ्यात पणजीलासुद्धा वरचं पाणी गोडं लागतं आणि एप्रिल-मेमध्ये खारटपणा कितीतरी आत चढतो. बाटलीत पाणी घ्यायचं, तापमान टिपायचं, यंत्रात घालून क्षारता काढायची, पुन्हा एकदा काढायची. ऊन असो, पाऊस असो. तो आकडा कुणाच्या मतावर ठरत नाही. तुमच्या विषयातले काही विद्वान म्हणतात की शास्त्रातलं सत्य समाजच घडवतो. असं म्हणणाऱ्यांनी लस न घेणाऱ्यांच्या आणि हवामानबदल खोटा म्हणणाऱ्यांच्या हातात कोलीत दिलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आमच्या मुलांनी हे शिकावं का?

खाजनवाट

काका, हा आक्षेप या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने झेलला पाहिजे. लातूर यांनी स्वतःच २००४ मध्ये हीच काळजी लिहून मांडली होती, की आपण दिलेली शंकेची हत्यारं हवामानबदल नाकारणाऱ्यांनी उचलली. त्यामुळे तुमच्या काळजीला 'तुम्हाला विषय कळला नाही' असं उत्तर मी देणार नाही.

माझी भूमिका म्हादईच्या, म्हणजे मांडवीच्याच, उदाहरणाने सांगते. पाणी तंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला : कर्नाटकला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४. हे वाटप करण्याआधी नदीत पाणी किती हे ठरवावं लागलं, आणि राज्यांचे आकडे एकमेकांशी जुळतच नव्हते. लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेने १८८.०६ टीएमसी धरले, म्हणजे चारांतली तीन वर्षं तरी एवढं पाणी येईल असा हिशोब. तुम्ही म्हणता त्या गांजेला केंद्रीय जल आयोगाचं मापन केंद्र आहे. तिथे वाहत्या पाण्याचं मोजमाप करणाऱ्या माणसाचं काम तुमच्यासारखंच सचोटीचं, आणि त्यावर मी शंका घेत नाही.

माझे प्रश्न त्या मोजमापानंतर सुरू होतात. ७५ टक्के का? सगळ्या राज्यांच्या वकिलांनी कोणते पाऊसमापक धरले, कोणते सोडले? मुखाशी खारं पाणी किती आत यावं, त्याने खाजनांचं काय होईल, पोयीतल्या मासळीचं काय होईल, याला त्या हिशोबात रकाना होता का? हे ठरवणारं यंत्र तुमच्या प्रयोगशाळेत नाही. ते माणसं ठरवतात आणि ठरवल्यावर ते 'तांत्रिक' म्हणून पुढे येतं. तो ठरवण्याचा भाग उजेडात आणला तर तुमच्या आकड्याचं वजन वाढतं. ज्याला आकडाच नाकारायचा आहे त्याला माझ्या कामातून काही मिळणार नाही, कारण मी तुमच्या नमुन्यांवर विसंबूनच लिहिते.

मुलांनी शिकावं का? शिकावं, पण तुमच्यासारख्या माणसाबरोबर होडीत बसून. मोजमाप कधी न केलेला एसटीएसवाला मला अर्धवट वाटतो.

लाटमापक

रकान्याचा मुद्दा पटला. आम्हाला कुणी प्रश्न विचारतं तेव्हाच आम्ही ते मोजतो, आणि प्रश्न खात्याकडून येतो. माझ्या सगळ्या नोकरीत एकाही खाजनवाल्याने पाठवलेला प्रश्न टेबलावर आला नाही. सत्य समाज घडवतो, या वाक्याबद्दल माझा आक्षेप मात्र कायम.

बांधावरून

आमचं खाजन चोडणला. ताईंनी लिहिलं ते बरोबर, फक्त एक भर. पावणी घेणाराच नेहमी दोषी असं धरू नका. पावणीची रक्कम वाढत गेली, ती वसूल करायला तो दार जास्त वेळ उघडं ठेवतो. संघटनेलाही पैसा हवा असतो म्हणून ती रक्कम वाढवते. त्या पैशातून बांध दुरुस्त झाला तर कोण तक्रार करील? पण शेत करणारे घरटी कमी झाले, पोरं पणजीला नोकरीला, कुणी जहाजावर. बैठकीला माणसं येत नाहीत. कुर्ल्यांची भोकं बघत बांधावरून चालणार कोण? माझे वडील चालायचे. त्यांना भोक किती जुनं आणि पाणी कुठल्या बाजूने येतं ते मातीच्या रंगावरून कळायचं.

खारफुटीचं म्हणाल तर आम्ही तिच्या विरोधात नाही. बांधाच्या बाहेर, नदीकडे, ती असायलाच हवी, लाट तीच मोडते. बांधाच्या आत शेतात आली की शेत गेलं. हे साधं आहे, पण सांगायला गेलो की अधिकारी नकाशा दाखवतात. नकाशात तिथे हिरवं असतं.

संशोधन करणारी मुलं आमच्याकडे येतात, प्रश्नावली भरून घेतात, फोटो काढतात. नंतर काय लिहिलं ते आम्हाला कधी कळत नाही. एवढं तुमच्या विषयातल्या लोकांनी तरी बदलावं.

खाजनवाट

@बांधावरून, पावणीच्या रकमेचा मुद्दा मला माझ्या लेखात नीट घ्यायला हवा, तो तुमच्या शब्दांत घेईन. आणि शेवटच्या परिच्छेदाबद्दल : माझ्या हाताखाली जी मुलं येतात त्यांना पहिलीच अट ही घालते की इंग्रजीत निबंध छापण्याआधी त्याचा गोषवारा मराठीत किंवा कोंकणीत करून संघटनेच्या बैठकीत वाचायचा. लोकांनी 'हे असं नाही' म्हटलं तर तेही निबंधात लिहायचं. यामुळे काम लांबतं. लांबू दे.

नकाशातल्या हिरव्या रंगावर तर एक अख्खी पीएचडी होईल. उपग्रहाच्या चित्रातून खारफुटी ओळखता येते, पण ती बांधाच्या आत आहे की बाहेर हे त्या रंगातून दिसत नाही. ती सीमा नकाशावर कुणी आणि कोणत्या वर्षी आखली, त्या वर्षी बांध फुटलेला होता की धड होता, याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा. दूरसंवेदन शिकलेलं कुणी हे वाचत असेल तर मला जरूर लिहा.

फोंड्याची_आई

माझी मुलगी बारावी आर्ट्सला आहे. तिला हे सगळं वाचायला दिलं, तिला फार आवडलं. पण सायन्स नाही घेतलं. आता दार बंद का?

खाजनवाट

अजिबात नाही. जगातले या विषयातले कित्येक अभ्यासक इतिहास, कायदा, समाजशास्त्राकडून आलेले आहेत. फक्त तिने विज्ञानाला घाबरू नये. जो विषय निवडेल त्यातलं विज्ञान त्या त्या तज्ज्ञाकडे बसून, प्रश्न विचारून शिकायची तयारी हवी. आणि चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली तर आता थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. तिला आत्तापासून एक सवय लावा : बातमीत 'तज्ज्ञांच्या मते' असं आलं की कोणते तज्ज्ञ, कुणी नेमले, अहवाल कुठे मिळेल, ते शोधायचं. पर्यावरण मंजुरीचे अहवाल आणि जनसुनावणीची इतिवृत्तं जाहीर असतात.

जुनी_वही

इतिहासाकडून येणाऱ्यांसाठी दोन शब्द. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला. निघाला होता अॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला), राहिला इथे, सेंट पॉल कॉलेजात. १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला, आणि त्यात इथल्या वैद्यांचं ज्ञान जागोजाग आहे. १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. पुढे १७५४ ते १८२१ गोव्यात छपाईलाच बंदी होती. यंत्र सगळ्यांच्या आधी आलं आणि तरीही समाजात रुजलं नाही, हे का झालं, हा शंभर टक्के या विषयाचा प्रश्न आहे. विज्ञानाचा इतिहास म्हणजे युरोपात काय झालं आणि ते इकडे कधी पोचलं, अशी मांडणी वाचून मला संताप येतो. ऑर्ताने लिहिलेलं ज्ञान इथून तिकडे गेलं आहे.

साधनं भरपूर आहेत : पणजीचं पुराभिलेखागार, पर्वरीचं झेवियर सेंटर, पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय, जे १८३२ पासूनचं आहे. गांवकारींचे जुने कागद गोंयकानडी आणि मोडीत, नंतरचे पोर्तुगीजमध्ये. या लिप्या वाचणारी माणसं झपाट्याने कमी होत आहेत. ज्या मुलाला मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही येतं त्याला विषय शोधत फिरावं लागणार नाही, माझा शब्द घ्या.

मूळचा_सत्तरीचा

+१. भाषेबद्दल आणखी. बाहेरच्या विद्यापीठांत अर्ज करताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मराठी-कोंकणीतल्या मुलाखतींचा. इंग्रजी वाचून लिहिणारे शेकडो अर्ज येतात. खाणीवरच्या ट्रकमालकाशी, पंचाशी, देवळाच्या पुजाऱ्याशी त्यांच्या बोलीत बोलून आणलेली सामग्री कुणाकडे नसते. २०१२ ला खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या. खनिज किती शिल्लक, भरपाई किती, यावर अहवालांचे ढीग आहेत. ट्रक विकून टाकलेल्या माणसाने त्या अहवालांकडे कसं बघितलं, ते कुणी लिहून ठेवलं? माझा प्रबंध त्यावरच उभा राहिला.

हरमलचा_वारा

सगळ्यांना देव बरें करूं. बाबांनी धागा वाचला. जेआरएफचा आकडा आणि 'आधी एमए' हे त्यांना पटलं, दोन वर्षांची मुदत मिळाली आहे. तेवढ्यात नेट काढायची. ताई, मला एक प्रकरण मुळापासून शिकायचं आहे. फिजिक्सवाला म्हणून मानशीच्या झडपेवरचा पाण्याचा दाब मोजून बघावासा वाटतो, लाकडी आणि नवीन सिमेंट-लोखंडी, दोन्हीचा. हे या विषयात बसतं का?

खाजनवाट

सुरुवात म्हणून उत्तम. दाब मोज, दार किती उशिरा मिटतं ते टिप, आणि त्याच वेळी दाराची देखभाल कोण करतं, नव्या दाराचा आराखडा कुठल्या खात्यात झाला, आराखडा करणाऱ्याने जुनं दार बघितलं होतं का, हे विचार. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यास की तुझा प्रश्न तुला दिसेल. @लाटमापक काका, मोजमापाचं कसं करायचं ते त्याला दाखवाल का?

लाटमापक

दाखवीन. क्षारता मोजायचं हातातलं यंत्र माझ्याकडे आहे. पण एक भरती बघून निष्कर्ष काढायचा नाही. उधाणाची (मोठी) आणि भांगाची (लहान), दोन्ही बघायच्या, पावसाआधी आणि पावसानंतर.

बांधावरून

आमच्याकडे या. रायबंदरहून फेरीबोटीने यायचं, मी धक्क्यावर येतो. चतुर्थी झाल्यावर संघटनेची बैठक असते, त्या दिवशी आलात तर सगळे भेटतील आणि परवानगीही तिथेच घेता येईल. एक मानस जुनी लाकडाची आहे, दुसरी नवी. जुन्या दारावर काम केलेला सुतार अजून हयात आहे, त्याच्याशी आधी बोला.

हरमलचा_वारा

नक्की येतो. बैठकीत काय सांगायचं ते आधी इथे लिहून टाकतो, काही चुकत असेल तर सुधारा. बोलणं रेकॉर्ड केलं तर चालेल का?

बांधावरून

पहिल्या खेपेला वहीच आणा. रेकॉर्डरचं बैठकीत विचारून ठरवू.